सहा धावा आणि बेचाळीस धावा

क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवसांचा, असे नियम सांगतात. परंतु मुंबई, पुणे, इंदूर किंवा बडोदे येथील क्रिकेटप्रेमी समाज ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या सामन्याचा सहावा दिवसही ठाऊक असतो. त्या दिवशी मैदान रिकामे असते, खेळाडू पुढल्या गावी निघालेले असतात, धावफलकावरील अंक उतरविलेले असतात. आणि खेळ मात्र ऐन रंगात आलेला असतो. चाळीच्या गॅलरीत, इराण्याच्या हॉटेलातील संगमरवरी टेबलाभोवती, लोकलच्या डब्यात, कचेरीतील मधल्या सुट्टीत त्या खेळाचे डाव मांडले जातात. अमक्याने तो चेंडू सोडावयास हवा होता, तमक्याला संघात घेतलेच का, कर्णधाराने गोलंदाज बदलण्यास उशीर केला की घाई केली, या प्रश्नांचा काथ्याकूट रात्री उशिरापर्यंत चालतो. या सामन्यात बाद कोणी होत नाही आणि अनिर्णित राहणे हाच त्याचा धर्म असतो.

या सहाव्या दिवसाचा धावफलक कोणी लिहून ठेवीत नाही, त्यामुळे त्याचा इतिहासही सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः तो सांगण्याजोगा आहे. ज्यांनी आयुष्यात कधी बॅट हाती धरली नाही अशी हजारो माणसे जेव्हा एका खेळाडूच्या कर्तृत्वाचा निवाडा करावयास बसतात, तेव्हा ती नकळत स्वतःचीही परीक्षा देत असतात. आपल्या वतीने जो माणूस मैदानात उतरला त्याचे श्रेय आपण कसे मोजतो, त्याचा अपराध कोणत्या काट्यावर तोलतो आणि शिक्षा देताना हात कोठे आखडतो, हे त्या चर्चेत स्पष्ट दिसते. १९४९, १९६९ आणि १९७४ या तीन सालांचे तीन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

त्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. मुंबईच्या प्रेक्षकाला वाद घालण्याचे शिक्षण मिळाले ते चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांत. १९१२ सालापासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ एकमेकांशी खेळत. १९३७ मध्ये 'इतर' हा पाचवा संघ त्यांना येऊन मिळाला. तेथे 'आपला' खेळाडू म्हणजे आपल्या जमातीचा खेळाडू. तरीही त्या काळातील सर्वांत मोलाचा वाद एका जमातीच्या पोटातच झाला. पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले होते. परंतु ते चर्मकार समाजातले, म्हणून हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे येऊ शकले नाही. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून त्यावर बोलले गेले, लिहिले गेले. आणि अखेर १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हे त्या संघाचे कर्णधार झाले. कोणाला खेळवावे आणि कोणाच्या हाती धुरा द्यावी हा प्रश्न केवळ खेळाचा नसतो, हे मुंबईकरांना तेव्हाच उमगले. हे सामने १९४६ साली कायमचे बंद झाले आणि 'आपला' या शब्दाची व्याप्ती वाढविण्याचे काम कसोटी सामन्यांवर येऊन पडले.

भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर झाला. समोर जार्डिन यांचा इंग्लिश संघ होता. तो सामना भारताने ९ गडी राखून गमावला. परंतु लोकांच्या बोलण्यात पराभव नव्हताच. बोलणे होते ते लाला अमरनाथ यांच्या ११८ धावांचे आणि कर्णधार सी. के. नायडू यांच्याशी त्यांनी केलेल्या १८६ धावांच्या भागीदारीचे. पहिल्याच कसोटीत शतक, आणि तेही भारताचे पहिलेच. बायकांनी अंगावरचे दागिने या तरुणाला बहाल केल्याच्या कथा पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. हरलेल्या सामन्यातील एका खेळीवर जिंकल्यासारखा आनंद मानण्याची रीत तेथून सुरू झाली. जो संघ क्वचितच जिंकतो त्याच्या चाहत्याला आनंदाचे चलन दुसरीकडे शोधावे लागते, आणि एका माणसाचा पराक्रम हे ते चलन होते. पुढे संघाच्या पराभवाची किंमतही एकाच माणसाकडून वसूल केली गेली, त्याचे बीज कदाचित येथेच असेल.

आता १९४९ साल. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला होता. एव्हर्टन वीक्स यांनी लागोपाठच्या चार कसोटी डावांत चार शतके झळकावून भारतीय गोलंदाजांना हैराण केले होते. मद्रासचा चौथा सामना भारताने डावाने गमावला. बाकीचे तीन अनिर्णित राहिले होते. पाचवा सामना फेब्रुवारीच्या ४ तारखेस मुंबईला ब्रेबोर्न स्टेडियमवर सुरू झाला. भारताला तोपावेतो एकही कसोटी जिंकता आलेली नव्हती. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष लोटले होते, आणि पहिल्या विजयाची तहान खेळाच्या पलीकडची होती.

पाहुण्यांनी २८६ आणि २६७ धावा केल्या. भारताचा पहिला डाव १९३ वर आटोपला. म्हणजे जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. त्या काळी चौथ्या डावात एवढी धावसंख्या गाठण्याचे धाडस क्वचितच कोणी करी. परंतु सांगलीचे विजय हजारे आणि रूसी मोदी यांनी १३९ धावांची भागी केली. मोदी ८६ वर गेले, हजारे १२२ वर. अमरनाथ यांनी ३९ धावांची भर घातली. प्रायर जोन्स यांनी एका बाजूने पाच बळी घेतले, तरी कोल्हापूरचे दत्तू फडकर खिंड लढवीत उभे राहिले. यष्टिरक्षक प्रबीर सेन जायबंदी असल्याने फलंदाजीस येऊ शकणार नव्हते, म्हणजे फडकर आणि गुलाम अहमद हीच अखेरची जोडी. धावसंख्या ८ बाद ३५५ झाली. सहा धावा उरल्या. घड्याळात दीडएक मिनिट शिल्लक होते, चालू षटकातील एक चेंडूही बाकी होता. आणि त्याच क्षणी पंच जोशी यांनी यष्टींवरील बेल्स उचलल्या. सामना संपला. अनिर्णित.

या एका चेंडूची चर्चा किती वर्षे चालली? पंचवीस-तीस वर्षे म्हटले तरी ते कमीच होईल. या चर्चेत निरनिराळे पक्ष होते, आणि प्रत्येकाच्या हाती काही ना काही पुरावा होता. पहिला पक्ष पंचांना दोष देणारा. षटकाचे चेंडू मोजणे हे पंचाचे काम. त्यात चूक झाली, आणि ती घरच्याच पंचाकडून, घरच्याच संघाविरुद्ध झाली. दुसऱ्या पक्षाचा रोख पाहुणे कर्णधार गोडार्ड यांच्यावर होता. पाहुण्यांनी शेवटच्या काळात जाणूनबुजून वेळ दवडला, क्षेत्ररचना रमतगमत बदलली, हा आक्षेप निराधार नव्हता; समकालीन वृत्तांतांतही त्याची नोंद आहे. तिसरा पक्ष आपल्याच फलंदाजांच्या गतीचा हिशेब मांडी: मधल्या तासाभरात आणखी पंधरा धावा निघाल्या असत्या तर शेवटच्या षटकाचे ओझे कोणावरच पडले नसते.

चौथा पक्ष नेहमीच अल्पसंख्य असे, परंतु त्याचे म्हणणे सर्वांत विचार करण्यासारखे होते. सहा धावा शेवटच्या दिवशी हरवल्या हे खरेच कशावरून? पहिल्या डावात भारत ९३ धावांनी मागे पडला होता. त्या दिवशी कोणी एकाने आणखी अर्धा तास तग धरला असता, क्षेत्ररक्षणात दोन चौकार अडविले गेले असते, तर पंचांच्या मोजणीवर सामना लटकला नसता. शेवटची चूक सर्वांना दिसते, कारण तिच्यानंतर काहीच घडत नाही. आधीच्या चुका मात्र पुढील घटनांच्या ढिगाखाली झाकल्या जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला जो दृष्टिदोष टाळण्यासाठी वर्षानुवर्षे झटावे लागते, तोच दोष हा चौथा पक्ष इराण्याच्या टेबलावर बसून दाखवून देत होता.

१९४९ च्या या वादात एक गोष्ट लक्षणीय आहे. पंचाच्या चुकीने पहिला विजय हातचा गेला, तरी त्या पंचाचे नाव पुढे लोकांनी हळहळीनेच घेतले. माणसाच्या हातून गडबडीत मोजणीची चूक होऊ शकते, हे गृहीत धरलेले होते. तीन वर्षांनी, १० फेब्रुवारी १९५२ रोजी, मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने डावाने विजय मिळविला. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले आणि कर्णधार होते तेच विजय हजारे. ज्यांच्या शतकाला मुंबईत यश लाभले नव्हते, त्यांच्याच नेतृत्वाखाली पहिला जय आला, तेव्हा सहा धावांची हळहळ पुष्कळशी निवली. पण वाद संपला नाही. तो आठवणीत रूपांतरित झाला.

त्याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्याला असाच एक अपुरा राहिलेला हिशेब घडला होता. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तत्कालीन विक्रमास अवघ्या नऊ धावा कमी. प्रतिपक्षाच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकर यांना पुढे एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. कोल्हापूर-पुण्याकडील क्रिकेटप्रेमी प्रत्येक कसोटीनंतर, संघात जो फलंदाज अपयशी ठरे त्याच्या नावासमोर निंबाळकरांचे नाव मांडीत. न खेळलेल्या माणसाची कामगिरी नेहमीच निर्दोष असते, हे या युक्तिवादातील वैगुण्य खरे. तथापि निवड समितीच्या प्रत्येक निर्णयाला उत्तर द्यावे लागते ही जाणीवही त्यातूनच जागी राहिली.

दरम्यान या चर्चेच्या साधनांत मोठे स्थित्यंतर घडून आले. मुंबईतील चौरंगी सामन्याचे ए. एफ. एस. तल्यारखान यांनी १९३४ साली केलेले समालोचन हा भारतीय क्रिकेट-समालोचनाचा आरंभ मानला जातो. ते दिवसभर एकट्याने बोलत आणि ध्वनिक्षेपकापाशी दुसरा भागीदार त्यांना चालत नसे. पुढे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करून हा खेळ माजघरापर्यंत नेला. त्यामुळे इंग्रजी न जाणणारा श्रोताही षटक, यष्टी, क्षेत्ररक्षण, पायचीत असे शब्द सहज वापरू लागला, आणि ज्याच्याजवळ शब्द आले त्याच्याजवळ मतही आले. १९६० च्या सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागले. आता सामना पाहणारा माणूसही कानाशी यंत्र धरून बसू लागला. डोळ्यांनी पाहावयाचे आणि खरेखोटे मात्र कानांनी ठरवावयाचे, अशी एक चमत्कारिक अवस्था निर्माण झाली.

या अवस्थेचा स्फोट नोव्हेंबर १९६९ मध्ये त्याच ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला. बिल लॉरी यांच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्धची ती पहिली कसोटी. संघ जाहीर झाला तेव्हा त्यात ऑफ-स्पिन गोलंदाज वेंकटराघवन यांचे नाव नव्हते. वृत्तपत्रांतून आणि लोकांतून इतका गिल्ला झाला की अखेर सुब्रत गुहा यांनी माघार घेतली आणि वेंकटराघवन यांना स्थान मिळाले. म्हणजे सामन्यापूर्वीच लोकमताने एक डाव जिंकला होता. चौथ्या दिवशी भारताचा दुसरा डाव कोसळत असता अजित वाडेकर एक बाजू सावरून होते आणि हेच वेंकटराघवन त्यांच्या साथीस होते. कॉनोली यांच्या चेंडूवर यष्टिरक्षक टेबर यांनी झेल घेतल्याचे अपील झाले आणि पंचांनी बोट वर केले.

मैदानापासून शंभर यार्ड दूर बसलेल्या प्रेक्षकाला चेंडू बॅटला लागला की नाही हे दिसणे शक्यच नव्हते. परंतु ते आकाशवाणीवरील समालोचकाने सांगितले: निर्णय चुकीचा होता, फलंदाज बाद नव्हता. हे वाक्य हजारो ट्रान्झिस्टरांतून एकाच वेळी स्टँडमध्ये घुमले. बाटल्या मैदानात येऊ लागल्या, खुर्च्या मोडल्या, आगी लावण्यात आल्या, आणि धुराने मैदान झाकोळून गेले. लॉरी यांनी मैदान सोडण्यास नकार दिला आणि त्या धुरातच खेळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने ८ गडी राखून सामना जिंकला.

समालोचकाचे मत कदाचित बरोबरही असेल. प्रश्न तो नाही. जे वाक्य सहाव्या दिवशी, चहाच्या पेल्यासमोर, उलटसुलट तपासले गेले असते, ते चौथ्या दिवशी, तापलेल्या समुदायाच्या कानात, निकाल म्हणून जाऊन पडले. चर्चेला वेळ लागतो. मते एकमेकांवर घासली जातात, कोणी आकडा काढून दाखवितो, कोणी जुना सामना आठवून देतो, आणि त्यात रागाची धार बोथट होते. ध्वनिलहरींनी तो मधला वेळच नाहीसा केला. १९४९ चा प्रेक्षक पंचाच्या खऱ्याखुऱ्या चुकीनंतर हळहळत घरी गेला. १९६९ च्या प्रेक्षकाने पंचाच्या एका वादग्रस्त निर्णयावर खुर्च्या पेटविल्या. वीस वर्षांत खेळ बदलला नव्हता, श्रवण बदलले होते. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या अंगी केवढी जबाबदारी आहे, याचा हा धडा सर्व काळास लागू पडणारा आहे.

याच वाडेकरांच्या वाट्याला पुढील पाच वर्षांत लोकनिर्णयाची दोन्ही टोके आली. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी त्यांची कर्णधार म्हणून नेमणूक झाली. शिवाजी पार्क जिमखान्याचा, स्टेट बँकेत नोकरी करणारा, मितभाषी असा हा डावखुरा फलंदाज. वेस्ट इंडीजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला विजय मिळवून त्यांनी मालिका १-० अशी जिंकली. सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत चार सामन्यांत ७७४ धावा केल्या, तर मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी ६४२. त्यानंतर २४ ऑगस्ट १९७१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर प्रथम हरविण्यात आले. दिवस गणेश चतुर्थीचा होता, आणि उत्साही चाहत्यांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती.

या विजयाचा शिल्पकार कोण, हा त्या वर्षीचा मोठा वाद. त्या अकरा जणांत गावसकर, अशोक मंकड, वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि इंजिनियर असे सहाजण मुंबईचे होते. मुंबईकर साहजिकच छाती फुगवून बोलत. परंतु इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला तो भागवत चंद्रशेखर यांनी, ३८ धावांत ६ बळी घेऊन. बालपणी पोलिओने अधू झालेल्या उजव्या हाताने चेंडू टाकणारा हा गोलंदाज म्हैसूरचा. मुंबईने फलंदाज द्यावेत आणि दक्षिणेने फिरकी द्यावी, अशी जणू श्रमविभागणीच होती. कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरील टी. नरसीपूरकडून पाहिले तर तो विजय म्हैसूरच्या मनगटाचा, आणि दादरच्या चौपाटीवरून पाहिले तर तो शिवाजी पार्कच्या डोक्याचा. दोन्ही पक्षांना निरुत्तर करणारी गोष्ट म्हणजे ॲलन नॉट यांचा सोलकर यांनी शॉर्टलेगला घेतलेला झेल. गोलंदाज वेंकटराघवन मद्रासचे, झेल घेणारा हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. विजयाची वाटणी प्रांतवार करता येत नाही, हे त्या एका झेलाने सांगितले.

संघ परतला तेव्हा विमानतळापासून ब्रेबोर्नपर्यंत उघड्या मोटारींतून त्याची मिरवणूक निघाली. मराठी वस्तीचे आणि होळकरांच्या क्रिकेटचे शहर असलेल्या इंदूरने तर एक पाऊल पुढे टाकले. तेथे काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारण्यात आली आणि तिच्यावर विजयी खेळाडूंची नावे कोरण्यात आली. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या गावाला असे स्मारक सुचावे हे स्वाभाविकच होते. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला मायदेशी २-१ असे हरवून वाडेकर यांनी लागोपाठ तिसरी मालिका जिंकली.

मग १९७४ चा उन्हाळा आला. त्या वर्षी मार्चमध्येच बदलाची चाहूल लागली होती. पंधरा वर्षे सतत रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईला कर्नाटकाने बंगलोरच्या उपांत्य सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर बाहेर काढले होते. इंग्लंडमध्ये जूनमधील गारव्यात भारताने पहिली कसोटी मँचेस्टरला गमावली, जरी गावसकर यांनी तेथे १०१ आणि ५८ धावा केल्या. दुसरी कसोटी लॉर्ड्सवर. इंग्लंडने ६२९ धावा केल्या. बिशनसिंग बेदी यांना ६ बळींसाठी २२६ धावा मोजाव्या लागल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा केल्या आणि फॉलोऑन पत्करला. २४ जून रोजी ढगाळ हवेत ख्रिस ओल्ड आणि जेफ अर्नोल्ड यांचे चेंडू वळू लागले, आणि १७ षटकांत भारताचा डाव ४२ धावांवर संपला. अंगठ्याच्या दुखापतीमुळे चंद्रशेखर फलंदाजीस येऊ शकले नाहीत. दोन आकडी धावा एकट्या सोलकर यांच्या, नाबाद १८. पराभव एक डाव आणि २८५ धावांनी. तिसरी कसोटीही डावानेच गेली आणि मालिका ३-० अशी हातची गेली.

आता सहाव्या दिवसाने वेगळेच रूप धारण केले. मुंबईत वाडेकर यांच्या घरावर दगड आले. इंदूरच्या त्या बॅटीला काळे फासण्यात आले. ज्या नावांवर तीन वर्षांपूर्वी फुले वाहिली गेली होती, त्याच नावांवर डांबर चढले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकर यांना वगळण्यात आले आणि त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. ३७ कसोटी, २११३ धावा आणि लागोपाठ तीन मालिकांतील विजय एवढी पुंजी असलेला कर्णधार १७ षटकांच्या एका सकाळीने निकालात काढला गेला.

हा निवाडा कोणत्या काट्यावर झाला? ४२ धावांत बाद झालेले सगळेच फलंदाज होते, कर्णधार त्यांपैकी एक. फिरकीवर विसंबलेला हल्ला जूनमधील ओल्या खेळपट्ट्यांवर निष्प्रभ ठरेल हा धोका निवड समितीलाही दिसण्यासारखा होता. हिशेब मांडणारा चौथा पक्ष तेव्हाही अस्तित्वात होता. पण दगड उचलला गेला की हिशेबाची वही मिटते. ज्या लोकांनी १९७१ चे सारे श्रेय एका कर्णधाराच्या पदरात टाकले, त्यांनीच १९७४ चा सारा दोषही त्याच पदरात टाकला. दोन्ही वेळा संघाच्या जागी एकच माणूस पाहिला गेला. देव्हाऱ्यात बसविण्याची घाई आणि खाली ओढण्याची घाई ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. काळे फासणारे हात बहुधा फुले वाहणारेच असतात.

काळाने मात्र सावकाश निकाल फिरविला. १९९० नंतरच्या दशकात वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परत आले आणि मायदेशी विजयांची मालिका घडविणाऱ्या संघाच्या मागे उभे राहिले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा सर्वांच्या ओठी १९७१ साल होते. ४२ धावांची गोष्ट कोणी काढलीच तर ती दुर्दैवाची म्हणून काढली. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि लॉर्ड्सच्या नीचांकाचीही मातब्बरी संपली. परंतु त्यानंतर दहा दिवसांच्या आत मेलबर्नला दुसऱ्या एका मुंबईकर कर्णधाराने, अजिंक्य रहाणे यांनी, ११२ धावा करून सामना जिंकून दिला आणि पुढे मालिकाही २-१ अशी जिंकली. ३६ वर बाद झालेले बरेचसे फलंदाज त्या विजयातही होते. एका सकाळीवरून माणसाची किंवा संघाची किंमत ठरवू नये, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. १९७४ च्या कर्णधाराला मात्र ती दुसरी संधी मिळाली नाही.

तात्पर्य, क्रिकेटच्या चर्चेस कमी लेखण्याचे कारण नाही आणि तिला मोकळे रान देण्याचेही नाही. सामान्य माणसाला आपले मत निर्भयपणे मांडण्याचा सराव जेथे रोज घडतो अशा जागा फार थोड्या असतात, आणि कट्ट्यावरचा हा वाद ही त्यांतील एक आहे. तेथे कारकून साहेबाचे म्हणणे खोडून काढू शकतो, शाळकरी पोर आजोबांची आकडेवारी दुरुस्त करू शकते. मर्चंट मोठे की हजारे, या प्रश्नाचा निकाल लागला नाही म्हणून कोणाचे बिघडलेले नाही. १९४९ च्या प्रेक्षकांनी एका चेंडूवर तीस वर्षे वाद घातला आणि त्यात कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. १९७४ मध्ये वाद घालण्यापूर्वीच निकाल दिला गेला आणि एका सभ्य माणसाच्या घराच्या काचा फुटल्या. सहा धावांचे दुःख बेचाळीस धावांच्या नामुष्कीहून लहान नव्हते. पहिल्या वेळी लोकांनी बोलावयास वेळ घेतला, दुसऱ्या वेळी घेतला नाही, एवढाच काय तो फरक. बोलणे जितके लांबेल तितका दगड हातातून सुटण्याचा संभव अधिक. आणि म्हणून हा सहावा दिवस कधी लवकर संपू नये, हेच खेळाच्या आणि खेळाडूच्याही हिताचे आहे.